व्हिडिओ गेमला टोके लागले

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, जावेनं तर नाहीच नाही. घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते की बाबांनो, मी पेचकस लावायच्या आधीच तो डबा मेलेला होता, मेलेल्याला मी काय मारणार? पण कोण ऐकतंय. "अक्कानं खोलला, अक्कानं बिघडवला." गल्लीत तेच, पाणी भरायला गेलं तरी तेच, पिठाच्या गिरणीत उभं राहिलं तरी तेच.

आज सगळं सांगते. चहा घ्या, पण मध्ये बोलू नका. फजिती माझी आहे, तर ती मलाच सांगू द्या. आणि आधीच सांगून ठेवते, मी जे म्हणत होते ते शेवटी खरं निघालं. अक्षर न् अक्षर खरं निघालं. तिथंच तर घोटाळा झाला.

डबा म्हणजे व्हिडिओ गेम. टीव्हीला वायर लावून खेळायचा. वरून पांढरा, बुडाला लाल, दोन वायरींना दोन रिमोट आणि एक प्लास्टिकची बंदूक. वर एक फट, त्या फटीत कॅसेट घालायची. माझा धाकटा दीर संजू हैदराबादला बिस्किटाच्या कारखान्यात कामाला होता. उगादीला आला तेव्हा तो डबा घेऊन आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "वैनी, घरात ठिवा. समदे मिळून खेळा."

समदे मिळून. एवढं एक वाक्य तो बोलला आणि सुट्टी संपवून गेला हैदराबादला. भोगायला आम्ही इथं, मराठी-कानडी सीमेवरच्या खटकचिंचोळीत.

कारण घर आमचं एक, चूल एक, पण सुना दोन. थोरली मी. धाकटी महानंदा, संजूची बायको. ती म्हणणार, माझ्या नवऱ्यानं आणला, डबा माझा. मी म्हणणार, टीव्ही माझ्या दोन म्हशींच्या दुधाचा, माझ्या खोलीत ठेवलेला, टीव्ही नसला तर तुझा डबा काय चुलीवर ठेवून खेळणार? आता सांगा, ह्यात खोटं कोण बोलतंय? दोघी खऱ्या. असलं भांडण मिटत नसतं.

सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वांचं तिसरंच. त्यांनी बंदुकीनं बदकं पाडायचा खेळ बघितला आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "लिंगवंताच्या घरात पाखरं मारायलाव व्हय गं?" मी म्हणलं, अव्वा, खोटी बदकं हायती. त्या म्हणाल्या, पडताना तर खरीच दिसायलीत. झालं, तेव्हापासून बदकं बंद आणि विटा फोडायचा खेळ चालू.

म्हणजे अव्वा घरात असताना. सोमवारी त्या मठात भजनाला गेल्या की मी दार लोटून बंदूक काढायची. उगं मोठेपणा सांगत नाही, पण त्या गल्लीत माझ्यासारखा नेम कुणाचा नव्हता. एका सोमवारी मी एकही न चुकवता बदकं पाडत सुटले आणि महानंदा माझ्या मागं उभी राहून मोजत होती. तिचा आवाज मोजता मोजता चढत गेला, शेवटी शेवटी ती माझा खांदाच धरून उभी होती. तेवढा वेळ आम्ही सख्ख्या बहिणी होतो. बदकं संपली, जावा परत जावा झाल्या.

आता माझी एक सवय सांगायला पाहिजे. मी वस्तूवर नाव घालते.

आमच्याकडं लग्नकार्य निघालं की दहा घरची ताटं-तांबे एका मांडवात येतात. माघारी जाताना नाव बघूनच ओळखायचं. मी सून म्हणून आले त्या वर्षी माहेरची अकरा ताटं मांडवाला दिली, चार परत आली. उरलेली सात अजून गावात कुणीतरी जेवायला घेत असेल, घशात अडकू दे त्यांच्या. तेव्हापासून माझ्या घरात बिननावाची वस्तू नाही. ताट, तांब्या, घागर, कुकरचं झाकण, बादलीची कडी, सगळ्यावर मी आहे. नवरा एकदा म्हणाला, मी तेवढा राहिलोय, चल, माझ्यावर बी घाल.

तर त्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. आहेराची भांडी घेतली आणि बाजारात नाव घालणाऱ्यापुढं जाऊन बसले. तुम्ही बघितला असेल, भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो, हातात पेनासारखी विजेची मशीन, ती कर्रर्र वाजते आणि स्टीलवर अक्षरं उमटतात. त्यानं माझी सगळी भांडी केली. मग मी पिशवीतनं टॉवेलात गुंडाळलेला डबा काढून त्याच्यापुढं ठेवला.

"हे काय हाय, अक्का?"

"भांडं समज."

"प्लास्टिक हाय हे. प्लास्टिकावर न्हाई घालत."

"कामून न्हाई घालत? हात दुखतेत का? घाल."

तो म्हणाला, मग नुसतं क. बि. घालतो. मी म्हणलं, क. बि. म्हणजे कोण? उद्या दुसरी कुणी क. बि. उगवली तर काय करू? सौ. पासून गावापर्यंत पूर्ण घाल. बुडाला घाल, वरून दिसायला नको. आणि खोल घाल, आमच्या घरात नाव घासून काढणारी माणसं आहेत. एवढं झाल्यावर म्हणलं, शेवटी फूल काढ. ताटांवर काढलंस तसंच. फुलाच्या मधला ठिपका जरा दाबून काढ, उठून दिसला पाहिजे.

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मग डब्याकडं बघितलं आणि दाबलं. दाबून काढला ठिपका. कामाला माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू.

लग्न झालं. चार-पाच दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, डबा टॉवेलात तसाच. पाहुणे गेल्यावर महानंदानं वायरी जोडल्या, बटण दाबलं, तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. डब्याचा बारका लाल दिवा लागतो तो लागेना. कॅसेट बदलली, तरी मुंग्या. महानंदानं वळून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, लग्नाच्या आधी डबा तुमच्या पिशवीत हुता. काय केलाव?"

"मी काय करणार? लायट कमी-जास्त झाली असल."

"पिशवीत लायट असती व्हय?"

माझं डोकं फिरलं. मी डबा उलटा केला आणि तिच्या नाकापुढं धरला. म्हणलं, वाच. ती कानडी शाळेत शिकलेली, तिला मराठी वाचता येत नाही. म्हणाली, काय हाय हे? मी म्हणलं, माझं नाव हाय. ज्याचं नाव त्याची वस्तू. आणि आपल्या वस्तूला कुणी आपल्या हातानं मोडतं का? सांग ना, मोडतं का?

मला वाटलं, काय बोलले मी. कोर्टातला वकील असता तर उठून उभा राहिला असता. पण महानंदा भांडलीच नाही. त्या लाल बुडावरनं तिनं एक बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "ते बारा-बारा तास उभं ऱ्हाऊन काम करतेत, अक्का. तवा आणलेत. तुमी इचारलं बी न्हाई."

आतमध्ये मला काहीतरी टोचलं. पण मी दाखवणारी बाई नाही. मी आणखी मोठ्यानं बोलायला लागले.

शेवटी अव्वा माजघरातनं आल्या आणि निकाल दिला. म्हणाल्या, महानंदाच्या हातानं बिघडला असल तर डबा कायमचा कलावतीचा. कलावतीच्या हातानं बिघडला असल तर डबा महानंदाचा, आन टीव्ही बी उचलून तिच्या खोलीत. आता तोंडं बंद करा दोघी.

माझा टीव्ही. दोन म्हशींचं शेण काढून आणलेला टीव्ही. आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसून कसं चालेल?

नवरा म्हणाला, भालकीला रशीदभाईकडं दाखवू, तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. मी म्हणलं, रशीदभाई कशाला, मी काय मेले? ह्या घरातला स्टोव्ह कोण दुरुस्त करतं? मिक्सरचं पातं कोण बसवतं? शिलाई मशीन तीनदा खोलून तीनदा बसवली ती कुणी? नवऱ्यानं खुरपं घेतलं आणि तो शेताला गेला. लग्नाला वीस वर्षं झाली की माणसाला कधी शेताला जायचं ते कळतं.

आधी थाप मारली. आमचा जुना रेडिओ थापेवरच चालायचा. डबा चालला नाही. मग फटीत फुंकलं. मग रिमोटच्या बटणांना शिलाई मशीनचं तेल सोडलं. बटणं अशी मऊ झाली की दाबली की आत जायची आणि परत वर यायचंच विसरायची. शेवटी मशीनच्या ड्रॉवरमधला बारका पेचकस घेतला आणि डबा खोलला.

आत काय असेल असं वाटतं तुम्हाला? काही नाही. फिरायला चाक नाही, ताणायला पट्टा नाही, तेल द्यायला जागा नाही. एक हिरवी पाटी, तिच्यावर मुंग्यांच्या वाटेसारख्या रेघा, आणि मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. मी म्हणलं, सापडलं. इथंच जळालंय. दूध करपलं की पातेल्याला असाच डाग पडतो. मी नारळाची शेंडी घेतली, चिमूटभर राख घेतली आणि घासायला बसले. मनगट दुखायला लागलं, पण डाग हलला नाही. असला चिवट डाग मी जन्मात बघितला नाही.

आणि मग मला ते दिसलं.

लाल बुडाच्या आत, एका कोपऱ्यात, बारीक भुसा पडला होता. पिठासारखा. मी बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोके!

तुरीला, ज्वारीला हे दाणे पोखरणारे बारके किडे लागले की पोत्याच्या बुडाला असंच पीठ पडतं. हे मला कुणी शिकवायला नको, धान्यातच जन्म गेलाय. आणि टीव्हीच्या टेबलाखाली काय ठेवलं होतं? तुरीचं पोतं. कुणाचं? महानंदाचं. तिच्या माहेराहून, भालकीकडच्या मेहकरहून आलेलं. भुसा लाल कामून, असं तुम्ही विचाराल. अहो, डबा लाल म्हणून भुसा लाल. तुरीचे टोके तुरीच्या रंगाचा भुसा पाडतात की नाही?

मी कागदाच्या पुडीत भुसा घेतला आणि अव्वांपुढं नेऊन ठेवला. अव्वांनी पुडी उजेडाला धरली, वास घेतला आणि म्हणाल्या, "टोक्याचा दिसायलंय खरा." मला इतका आनंद झाला की काय सांगू. आठवडाभरानं ह्या घरात कुणीतरी माझ्या बाजूनं बोललं होतं.

महानंदा म्हणाली, "प्लास्टिक खाणारे टोके कवा बघितलाव, अक्का?"

मी म्हणलं, हैदराबादचा माल, त्याला कायबी लागतं.

ती उठली. पोतं ओढत अंगणात नेलं, सूप घेतलं आणि माझ्या डोळ्यांपुढं अख्खं पोतं पाखडलं. सगळी तूर, दाणा न् दाणा. घामानं तिचं कुंकू ओघळलं तरी थांबली नाही. एक टोका निघाला नाही. शेवटचं सूप माझ्या पायाशी आपटून ती म्हणाली, "दावा. कुठं हाय?"

मी हटले का? मी म्हणलं, समदे डब्यात गेलेत, तर तुरीत कसे सापडतील?

अव्वांना सुद्धा हे पटलं. मलाही पटलं. आज सांगताना जरा कसंतरी वाटतं, पण तेव्हा पटलं होतं.

टोक्याला औषध कोणतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कडक ऊन आणि कडू लिंबाचा पाला. मी भुसा फुंकून काढला, डब्याचे दोन्ही भाग माळवदावर कुरडयांच्या शेजारी वाळत घातले, दोन दिवस चांगलं ऊन दिलं. मग आत लिंबाचा पाला दाबून भरला, टोके परत येऊ नयेत म्हणून, आणि पेच आवळले. दोन पेच आणि एक बारकी स्प्रिंग उरली. ती मसाल्याच्या डब्यात जपून ठेवली. कंपन्या कधी कधी जास्तीचं सामान घालतात.

बटण दाबलं. मुंग्या. वरून घरभर लिंबाचा वास.

त्या दिवसापासून ते सुरू झालं, "अक्कानं खोलला, अक्कानं बिघडवला." टोक्यांचं नाव कुणी घेईना. महानंदा तर टीव्ही ठेवायला खोलीतला कोपरा सारवून बसली. मग मात्र मीच म्हणलं, चला भालकीला. रशीदभाई सांगतील ते खरं.

तिघी निघालो. मी सांगितलेलं महानंदाला पटणार नाही, तिनं सांगितलेलं मला पटणार नाही, म्हणून अव्वा. टमटममध्ये डबा अव्वांच्या मांडीवर. देवाची मूर्ती धरावी तसा धरला होता त्यांनी.

रशीदभाईंनी बूड काढलं तर ओंजळभर वाळका पाला टेबलावर पडला. त्यांनी पाल्याकडं बघितलं, मग तिघींकडं ओळीनं.

"ये क्या है, अक्का?"

"औषध हाय. आत लाल भुसा पडला हुता, टोके लागले हुते."

त्यांनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही, भला माणूस. मग काळ्या गोळ्यावर बोट ठेवून म्हणाले, इसकू किसने घिसा? मी छताकडं बघितलं. ते म्हणाले, ये इसका दिमाग है, नशीब समझो, बच गया.

मला राहवेना. मी म्हणलं, रशीदभाई, ते ऱ्हाऊ द्या. एकच सांगा. मी खोलला म्हणून हा मेला, का खोलायच्या आधीच मेला होता?

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. दोन सुया इथं टेकव, तिथं टेकव असं बराच वेळ चाललं. माझा टीव्ही त्या दोन सुयांच्या टोकावर टांगलेला होता. मग त्यांनी भिंग काढलं.

"पैलेइच मरेला था, अक्का. तुमारे खोलने से कुछ नै हुआ."

ऐकलंत? मी अव्वांकडं बघितलं, महानंदाकडं बघितलं. म्हणलं, रशीदभाई, परत सांगा, जरा मोठ्यानं. त्यांनी परत सांगितलं. शेजारच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेलं. मला तर ते कागदावर लिहून घ्यावं आणि आमच्या गिरणीच्या दारावर चिकटवावं असं वाटलं. मी पदर खोचला आणि निघाले. डबा दुरुस्त होवो न होवो, मी खरी ठरले होते.

तेव्हाच दुकानातनं बाहेर पडले असते तर टीव्ही आज माझ्या खोलीत असता.

पण महानंदानं मागनं बारीक आवाजात विचारलं, "मग कशानं मेला, भाई?"

रशीदभाईंनी पाटीवरची एक रेघ दाखवली. केसासारखी बारीक, तांब्याची. मध्येच तुटलेली. म्हणाले, बिजली का रास्ता है, कट गया. मग त्यांनी लाल बूड हातात घेतलं आणि दाराच्या उजेडाला धरलं. बुडाला एक बारकं भोक होतं. त्यातनं उन्हाची तिरीप थेट माझ्या पदरावर पडली. भोकाच्या भोवती पाकळ्या होत्या. पाच. सुबक काढलेल्या.

"इदर से सुई घुसी अंदर," रशीदभाई म्हणाले. "किसीने मशीन से फूल निकाला, बीच में जोर से दबाया. सुई प्लास्टिक में से गयी, तार काट दी. टोके नै अक्का, वो भुसा इसी का था."

खोचलेला पदर मी हळूच सोडला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं माझ्या बाजूनं काही नाही. रशीदभाईंनी तेवढी रेघ डाग देऊन जोडली, चहा निवायच्या आत डबा चालू झाला. पडद्यावर बदकं उडाली आणि अव्वांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी टीव्ही महानंदाच्या सारवलेल्या कोपऱ्यात गेला. उचलायला एका बाजूनं मीच होते. सोमवारी अव्वा मठात गेल्या की मी तिच्या दारात जाऊन उभी राहते. ती बंदूक पुढं करते, आणि मोजायला मागं उभी राहते. ज्यानं डबा आणला त्याला न विचारता मी नाव घातलं, तेही एसटीडीच्या फोनवरनं संजूला सांगून टाकलं. तो हसला. महानंदा माझ्या शेजारी उभी होती, तीही हसली.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी दुकानात रशीदभाई बूड उजेडाला धरून अक्षरांकडं बघत होते. उर्दू त्यांना येते, कानडी येते. म्हणाले, "जिसने ये डलवाया, उसीका काम है. नाम बी लिखा है, पूरा. मेरेकू मराठी पढ़ना नै आता. किसका नाम है?"

अव्वांना कोणतंच अक्षर येत नाही. महानंदाला कानडी. तिघींत मराठी शिकलेली एकच, चौथी पास, आणि ह्या चौथीचा तोरा मी वीस वर्षं घरात मिरवलेला.

महानंदानं बूड अलगद घेऊन माझ्या हातात दिलं. म्हणाली, "वाचा की, अक्का. आमाला काय येतंय?"

अव्वा म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. टोक्याचं नाव काय हाय?"

मी वाचलं. सौ. पासून गावापर्यंत, पूर्ण.

"सौ. कलावती वैजनाथ बिरादार, मुक्काम पोस्ट खटकचिंचोळी."